स्पर्धा गेली तरी चालेल, पाठांतर राहावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातल्या आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत एक वाद अधूनमधून डोके वर काढतो आणि हल्ली तो जरा जास्तच तापला आहे. शब्बाथ शाळेतले, म्हणजे मंडळीच्या रविवारच्या बायबल-वर्गातले, वचन-पाठांतर चालू ठेवायचे की नाही? एक बाजू म्हणते, बंद करा. मुलांच्या पाठीवर आठवडाभर शाळेचे ओझे असते, रविवारी तरी त्यांना घोकंपट्टीतून सोडवा. सगळे बायबल आता मोबाईलमध्ये आहे, मराठीत, कन्नडमध्ये, इंग्रजीत, हवे तेव्हा उघडा. दुसरी बाजू म्हणते, वाडवडिलांपासून चालत आलेले मोडू नका; स्पर्धा बंद झाली तर मुले बायबलला हातसुद्धा लावणार नाहीत; शिवाय पाठांतराने बुद्धी तल्लख होते. बैठकीत आवाज चढतात, पाळकसाहेब मधला मार्ग म्हणून दहा वचनांच्या जागी पाच ठेवतात, आणि पुढच्या वर्षी तोच वाद नव्याने सुरू होतो.

मी शब्बाथ शाळेत शिकवते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे बोलणे जवळून ऐकते, आणि मला वाटते की दोघेही भलत्याच गोष्टीवर भांडत आहेत. त्यांच्या डोळ्यांसमोर आहे तो शाळेसारखा एक उपक्रम: नेमून दिलेली वचने, ठरलेली तारीख, समोर बसलेले परीक्षक, ढाल आणि टाळ्या. तो ठेवायचा की काढायचा हा सोयीचा प्रश्न आहे. कमिटीने मतदान करून सोडवावा. खरा प्रश्न वेगळा आहे. देवाचे वचन ख्रिस्ती माणसाच्या आत, पुस्तक मिटल्यावरही, शब्दशः असायला हवे की नाही? माझे उत्तर स्पष्ट आहे: असायला हवे, आणि ते एकेका सुट्या वचनाच्या रूपाने असून भागत नाही, अख्खी स्तोत्रे आणि अख्खे अध्याय हवेत. ही गरज आधी मोठ्यांची आहे, मग मुलांची. ती भागवायला स्पर्धा लागत नाही. स्पर्धा उद्या बंद झाली तर मला वाईट वाटणार नाही. पण स्पर्धेबरोबर पाठांतरही उचलून फेकले, तर आपण आपल्याच प्रार्थनेची भाषा फेकून देऊ.

मोबाईलचा मुद्दा आपल्या बाजूचे लोक फार हलक्यात घेतात. कणकुंबीच्या घाटात रेंज नसते, बॅटरी संपते, अशी उत्तरे देतात. ती टिकणारी नाहीत. रेंज आज ना उद्या येईल, आणि बहुतेक बायबल अ‍ॅप रेंजशिवायही उघडतात. मोबाईलने मोठे काम केले आहे हे मोकळ्या मनाने मान्य करायला हवे. नजर अधू झालेल्या म्हाताऱ्या माणसांना अक्षर मोठे करून वाचता येते, वाचता येत नसेल तर ऐकता येते. मराठी आणि कन्नड भाषांतर शेजारी ठेवून एकच उतारा पाहता येतो, आणि आपल्यासारख्या दुभाषी गावांत त्याचे मोल मोठे आहे. पण मोबाईल देतो ते मागितल्यावर देतो, आणि काय मागायचे हे माणसाला आधी ठाऊक असावे लागते. ज्याच्या घरातून सकाळी प्रेत उचलले गेले आहे, तो संध्याकाळी सर्चच्या चौकटीत कोणता शब्द टाकणार? ‘सांत्वन’ टाकले तर सांत्वनाची वचने रांगेने येतील. स्तोत्र ८८ मात्र येणार नाही. ते कोणी ‘आजचे वचन’ म्हणून पाठवतही नाही, कारण ते अंधार या शब्दाशी येऊन थांबते. शेवटी आशेची ओळ नाही, स्तुती नाही. ज्याला ते स्तोत्र पाठ आहे त्याला मात्र माहीत असते की इतकी काळीकुट्ट प्रार्थनासुद्धा पवित्र शास्त्रात जागा मिळवून आहे, आणि म्हणून आज देवापुढे आशेचा आव आणायची सक्ती आपल्यावर नाही. हे ज्ञान शोधून सापडत नाही. ते आधीपासून आत असावे लागते.

दुःखाचे सोडा, रागाचे घ्या. भावाभावांत जमिनीवरून बोलाचाली झाली, जीभ सुटायच्या बेतात आहे. अशा वेळी खिशातून मोबाईल काढून याकोबाचे पत्र कोण उघडतो? ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला मंद असा, हे याकोबाचे सांगणे त्या क्षणी आपणहून समोर उभे राहिले तरच उपयोगाचे, तासाभराने आठवून काय करायचे! वचन हृदयात जपून ठेवल्याचे जे कारण ११९वे स्तोत्र देते तेच मुळी हे आहे: तुझ्याविरुद्ध पाप घडू नये म्हणून. तिथे गुणवत्तेचा किंवा स्मरणशक्तीचा विषयच नाही.

आणि हे ११९वे स्तोत्र कसे रचले आहे तेही पाहा. १७६ वचने, त्यांचे बावीस भाग, प्रत्येक भागात आठ वचने, आणि भागाभागाला इब्री वर्णमालेतले पुढचे अक्षर. त्या भागातले प्रत्येक वचन त्याच अक्षराने सुरू होते. विलापगीतातही वर्णमालेचा असाच सांगाडा आहे. ही रचना कागदावर नुसते वाचणाऱ्याला फारशी उपयोगाची नाही. पाठ म्हणणाऱ्याला मात्र तिचा आधार होतो, पुढचे अक्षर पुढचे वचन हाताला लावून देते. म्हणजे शास्त्राच्या कर्त्यांनी ते तोंडी राहील असे गृहीत धरूनच लिहिले होते. कोणी म्हणेल, तेव्हा गुंडाळ्या महाग होत्या, घरोघर पुस्तक नव्हते, म्हणून ती अडचणीतली सोय. आता पुस्तके स्वस्त झाली, सोयीची गरज संपली. हा आक्षेप मला सगळ्यांत विचार करायला लावणारा वाटतो. पण सोय संपली तरी तिने केलेले काम पाहून मग निर्णय घ्यावा. योना माशाच्या पोटात प्रार्थना करतो ती जवळजवळ पूर्णपणे स्तोत्रांच्या ओळींनी विणलेली आहे. मरीया एलिझाबेथच्या घरी जे गीत गाते त्यात शमुवेलाच्या आईचे, हन्नाचे गीत घुमते आहे. या माणसांनी कोणाचे वचन ‘उद्धृत’ केलेले नाही. बोलायला तोंड उघडल्यावर तेच शब्द आले, कारण आत तेच भरलेले होते. पुस्तक कितीही स्वस्त झाले म्हणून ही गोष्ट आपोआप घडत नाही.

खुद्द प्रभूचे उदाहरण घ्या. वधस्तंभावर श्वास घेणेही कठीण असताना तो दोनदा स्तोत्रांच्या शब्दांत बोलला. ‘माझ्या देवा, माझ्या देवा’ ही हाक २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवण्याचे शब्द ३१व्या स्तोत्रातले. ज्याला २२वे स्तोत्र फक्त पहिल्या ओळीपुरते माहीत आहे त्याला त्या हाकेत निराशाच ऐकू येईल. ज्याला ते पूर्ण पाठ आहे त्याला ठाऊक असते की हे स्तोत्र पुढे जाऊन देवाने पीडिताचे दुःख तुच्छ मानले नाही, त्याची आरोळी ऐकली, असे म्हणते. शुभवर्तमान वाचताना हा मागचा आवाज ऐकू येणे न येणे यात केवढा फरक आहे! शास्त्राचा एक भाग दुसऱ्या भागाला साद घालतो, आणि ती साद ऐकायला दोन्ही भाग एकाच वेळी मनात असावे लागतात. समासातले संदर्भ-क्रमांक त्याची थोडी भरपाई करतात, पण खालचा क्रमांक पाहून पान उलटणारा आणि ऐकताक्षणी दचकणारा, हे दोन वेगळे वाचक आहेत.

आता विरोधी बाजूचे सर्वांत वजनदार म्हणणे. प्रभूच्या काळातले यहुदी धर्मपुढारी, परूशी आणि शास्त्री, यांना शास्त्र पाठ होते, त्याचे काय झाले? योहानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू त्यांना सांगतो, तुम्ही शास्त्रलेख शोधता, पण जीवन मिळावे म्हणून माझ्याकडे येत नाही. हा इशारा खरा आहे आणि तो पाठांतराच्या कैवाऱ्यांनी रोज स्वतःला ऐकवावा. मंडळीत तोंडपाठ असलेल्या वचनांचा भाऊबंदांच्या डोक्यात घालण्यासाठी दगडासारखा वापर करणारी माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण या इशाऱ्यावरून निघणारा निष्कर्ष ‘म्हणून पाठ करू नका’ हा आहे का? तोच प्रभू अरण्यातल्या परीक्षेत तिन्ही वेळा मोशेच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या शब्दांत उत्तर देतो, आणि त्याच प्रसंगात सैतानही ९१व्या स्तोत्रातले शब्द म्हणून दाखवतो. दोघांनाही पाठ आहे. फरक असा की सैतान देवदूत तुला हातांवर झेलतील इथपर्यंत येऊन थांबतो. त्याच्या लगतचे वचन सिंहाला आणि नागाला पायाखाली तुडवण्याचे आहे. तिथे तो जात नाही. ज्याला पूर्ण स्तोत्र येते त्यालाच कुठे कात्री लागली ते कळते. अर्धवट पाठांतराच्या फसवणुकीवर पाठांतर सोडणे हा उपाय नसून ते पुरे करणे हा आहे.

म्हणूनच आपल्या स्पर्धांवर माझा खरा राग आहे तो इथे. आपण मुलांना सुटी वचने देतो, एक इथले एक तिथले, आणि सुट्या वचनाला हवे तसे वाकवता येते. यिर्मया २९:११ घ्या. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, हे वचन कॅलेंडरवर आहे, दुकानाच्या गल्ल्यामागे आहे, दहावीच्या निकालाच्या दिवशी प्रत्येक ग्रुपवर आहे. आता त्याच्या आधीचे वचन किती जणांना येते? त्यात देव सत्तर वर्षांनी तुमची भेट घेईन असे म्हणतो. पत्र बाबेलात पकडून नेलेल्या लोकांना लिहिले आहे. ऐकणाऱ्यांतले बरेचसे ते हित पाहायला जिवंत राहणार नव्हते. आणि त्याच्याही आधी, पाचव्या ते सातव्या वचनात, त्यांना घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा असे सांगितले आहे. बेळगावात राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसाने ही चार-पाच वचने सलग पाठ करून पाहावीत. आपण इथे कोणाचे बंदिवान नाही, ही आपलीच भूमी आहे. तरीही १९५६च्या राज्यपुनर्रचनेपासून ‘हे शहर कोणाचे’ या प्रश्नाभोवती आपली किती शक्ती खर्च झाली, आणि या शहराच्या, त्यातल्या मराठी-कन्नड सगळ्यांच्या कल्याणासाठी आपण किती वेळा गुडघे टेकले? अकरावे वचन एकटे हा प्रश्न विचारत नाही. ते सातव्याच्या सोबतीने आले की विचारते. फिलिप्पैकरांस पत्रातल्या ४:१३चेही तेच. मी सर्वकाही करायला शक्तिमान आहे, हे पौल बंदिवासातून लिहितो आहे, आणि लगतच्या वचनात भुकेले राहणे व तृप्त असणे या दोन्हींचे रहस्य शिकल्याचे सांगतो. क्रिकेटच्या संघाच्या टी-शर्टवर छापण्यासाठी ते लिहिलेले नव्हते.

अर्थ न समजता पाठ करणे व्यर्थ आहे, हे म्हणणे मी जवळपास पूर्ण मान्य करते. फिलिप्प रथाजवळ धावत गेला तेव्हा त्याने कूशी अधिकाऱ्याला ‘जे वाचता ते समजते का?’ असेच विचारले होते, आणि नहेम्याच्या आठव्या अध्यायात नियमशास्त्र वाचून दाखवणारे अर्थही समजावून देत होते. आपल्याकडे पंडिता रमाबाईंचे जीवन याच प्रश्नाभोवती फिरते. आजच्या कर्नाटकातल्या पश्चिम घाटात, गंगामूळच्या रानात, १८५८ साली त्यांचा जन्म झाला. आईने त्यांच्याकडून संस्कृत ग्रंथांतले हजारो श्लोक पाठ करून घेतले. पुराण सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला पुण्य लागते या श्रद्धेवर कुटुंब तीर्थाटन करत राहिले, आणि १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले. पाठांतर माणसाला कुठवर नेते आणि कुठे एकटे सोडते हे रमाबाईंइतके जवळून कोणी पाहिले असेल? त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे इब्री आणि ग्रीकवरून साध्या मराठीत, बायाबापड्यांना कळेल असे बायबल उतरवण्यात घातली, आणि १९२२ साली मृत्यू येण्याआधी ते काम हातावेगळे केले. विरोधी बाजूने रमाबाईंचा दाखला द्यावा, तो त्यांच्या हक्काचा आहे. मी इतकेच विचारीन की कळणारे मराठी हातात आल्यावर ते ओठांवर ठेवायला आता काय आडवे येते? रमाबाईंच्या लहानपणी पाठांतर होते आणि अर्थाची वाट बंद होती. आपल्याला अर्थ दारात मिळाला आहे, आणि आपण पाठांतर टाकून द्यायला निघालो आहोत.

दूरचे एक उदाहरण याच जागी सांगते, कारण ते दोन्ही बाजूंना टोचणारे आहे. जपानमध्ये १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. पाद्री नव्हते, छापील पुस्तक बाळगणे म्हणजे मरण. तरीही नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांत कोळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी प्रार्थना तोंडातोंडी पुढे नेल्या, आणि १८६५ साली तिथल्या नव्या चर्चमध्ये येऊन त्यांनी आपण कोण ते सांगितले. अडीचशे वर्षे! पण त्यांच्या लॅटिन आणि पोर्तुगीज प्रार्थनांचे उच्चार इतके झिजले होते की म्हणणाऱ्यालाही पुष्कळशा शब्दांचा अर्थ उरला नव्हता. पाठांतराने विश्वास जिवंत ठेवला. अर्थ मात्र समजावणाऱ्यावाचून राहिला नाही. पाठांतर आणि शिकवण एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. पण जर एकच उरणार असते, तर त्या खेड्यांत कोणते उरले म्हणून पुढे सगळे शक्य झाले?

आपल्या मातीत एक आक्षेप आणखी आहे, आणि तो उघडपणे फार कमी बोलला जातो. पाठांतराचा इतिहास या देशात निष्पाप नाही. वेद पाठ करणे हा काही जातींचा मक्ता होता. शूद्राने ऐकले तर कानात शिसे ओतावे असे गौतम धर्मसूत्र सांगते. आपल्या मंडळ्यांतली अनेक घरे ज्या समाजांतून आली त्यांना पाठांतराने काही दिले नव्हते, अक्षराने दिले. लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० साली बेळगावात सुरू झाले, पुढे शाळा निघाल्या, आणि ज्यांच्या सात पिढ्यांनी पाटी पाहिली नव्हती त्यांच्या हातात पुस्तक आले. मग ज्या पुस्तकाने मुक्त केले ते ठेवून पुन्हा पोपटपंचीकडे का जायचे? हा प्रश्न विचारणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण मक्ता होता तो स्मरणाचा नव्हता, ऐकण्याच्या आणि म्हणण्याच्या अधिकाराचा होता. जिथे तो अधिकार सगळ्यांना मिळाला तिथे पाठांतर गरिबाचे धन ठरले. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली तरी लोकांच्या मुखातून ती पुसता आली नाही, ही आठवण मराठी माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या लियों शहरच्या वाल्दो नावाच्या व्यापाऱ्याने लोकभाषेत उतरवून घेतलेले शास्त्र त्याच्या मागे गेलेल्या विणकरांनी आणि कुणब्यांनी इतके पाठ केले की त्यांची चौकशी करणाऱ्या धर्माधिकाऱ्यांनीच नोंदवून ठेवले: अडाणी माणूस ईयोबाचे पुस्तक शब्दशः म्हणून दाखवतो. माझ्या आजीला सही करता येत नव्हती. तिला २३, १०३ आणि १२१ ही स्तोत्रे आणि डोंगरावरील प्रवचनाचा बराचसा भाग येत होता, आणि मयताच्या घरी शिकलेली माणसे पुस्तकाचे पान शोधत असताना ती सुरुवात करायची. तिला ते कोणाच्या परवानगीने म्हणावे लागले नाही.

घाटाखाली गोव्यात काय झाले ते तर आपल्या शेजारचेच आहे, आणि खानापूर-लोंढा भागातल्या अनेक कॅथलिक कुटुंबांची मुळे तिथली. इंग्रज जेझुइट पाद्री फादर स्टीफन्स यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले, ते १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पुराणाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही मना केलीत, मग त्या जागी आम्हाला दुसरे काही का देत नाही? प्रश्नामागची भूक ओळखा. त्या माणसाला प्रश्नोत्तरे आणि नियम मिळाले होते. त्याला हवे होते ते म्हणता येईल असे काही. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढले. ख्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकातल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. तरी दहा हजारांवर ओव्या टिकल्या, कारण दक्षिणेकडे गेलेल्या कुटुंबांनी त्या हाताने उतरवून ठेवल्या आणि घराघरांत म्हटल्या, आणि १९०७ साली मंगळूरला त्या पुन्हा छापता आल्या. छापखाना हरला त्या जागी सूर आणि स्मरण उभे राहिले.

सुराचे तर आपण रोज पाहतो. रेव्हरंड टिळकांची गीते उपासनेत सुरू झाली की निम्मी मंडळी पुस्तक मिटून, डोळे मिटून गाते. टिळक १९१९ साली गेले. शंभर वर्षांनीही त्यांची अभंगवाणी तोंडात आहे, आणि ही घोकंपट्टी आहे, गीत मोबाईलमध्ये आहे मग पाठ कशाला, असे कोणी म्हणत नाही. गीताला जो मान आपण विनातक्रार देतो तो दाविदाच्या स्तोत्राला देताना मात्र आपल्याला बालमानसशास्त्र आठवते. टिळकांनी शुभवर्तमान ओवी-अभंगात आणले त्याचे कारणच हे की मराठी माणूस धर्म म्हणून-म्हणून आपलासा करतो. आपली शब्बाथ शाळा वचनांना चाल लावत का नाही? मुले दोन रविवारांत २३वे स्तोत्र गातील आणि त्यांना आपण पाठ केले हे कळणारही नाही.

एक मर्यादा मात्र पक्की आखली पाहिजे. पाठांतर हे विश्वासाचे माप नाही. ज्या मुलाला बौद्धिक अपंगत्व आहे, ज्या बाईची स्मरणशक्ती बाळंतपणांनी आणि कष्टांनी थकली आहे, त्यांच्यावर प्रभूची कृपा तीळभर कमी नाही. सगळ्यांसमोर उभे करून अडखळणाऱ्या मुलाला खाली बसवणे हे तर शब्बाथ शाळेत कधीच घडू नये. त्या मुलाला पुढे ते वचन आठवणार नाही, ती शरम आठवेल. स्पर्धेविरुद्धचा हा एक मुद्दा माझ्यासाठी पुरेसा आहे, म्हणून मी स्पर्धेच्या बाजूने एक शब्दही बोलणार नाही. पण याच माणसांची दुसरी बाजूही आहे. विस्मरणाच्या आजारात मुलांची नावे विसरलेली माणसे लहानपणी शिकलेली प्रार्थना सोबत म्हणू लागतात, हे आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. तिथे नवे काही शिकवता येत नाही. जे आत ठेवले होते तेवढ्यावरच त्यांच्याशी प्रार्थनेत बोलता येते.

आणि मोठ्यांचे काय? ७८७ साली निकेआच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने नियम केला की स्तोत्रसंहिता मुखोद्गत नसेल त्याला बिशप करू नये. त्याही आधी, चौथ्या शतकात, मिसरमधल्या पाखोमियसच्या मठांत येणाऱ्या प्रत्येकाने निदान नवा करार आणि स्तोत्रे पाठ करावीत अशी अपेक्षा होती. तिथे प्रौढ माणसे होती, दिवसभर चटया विणणारी. पाठांतर हा मुलांचा विषय आहे ही समजूत आपली, अलीकडची. आपल्या पंचांपैकी, वडीलधाऱ्यांपैकी, माझ्यासारख्या शिक्षकांपैकी किती जणांना एक अख्खा अध्याय येतो? जे आपण करत नाही ते मुलांकडून करून घेतो आणि मग मुलांना ते ओझे वाटते याचे आश्चर्य करतो. मुलाला आईवडिलांच्या तोंडून जेवणाआधी, प्रवासाला निघताना स्तोत्र ऐकू आले तर त्याला ते भाषेसारखे येते. अनुवादात मोशे हेच सांगतो: आधी तुझ्या हृदयात, मग मुलांच्या मनावर, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. त्या आज्ञेत शाळा कुठेच नाही.

राहिला भाषेचा प्रश्न, जो आपल्या भागात सगळ्यांत अवघड आहे. आपली मुले घरी मराठी बोलतात, शाळेत इंग्रजी आणि कन्नड लिहितात. देवनागरी बायबल त्यांना अक्षर लावत वाचावे लागते. म्हणून काही जण म्हणतात, इंग्रजीतच पाठ करू दे. दुसरे मराठीच्या अभिमानासाठी मराठीचा आग्रह धरतात. अभिमान हे कारण मला पटत नाही. देवाचे वचन सीमाप्रश्नाच्या मोर्चात नेण्यासाठी नाही. पण ज्या मुलाला मराठी वाचता येत नाही आणि समजते, त्याला मराठी शास्त्र मिळण्याचा कानावाटे हाच एक रस्ता उरला आहे. पाठांतर बंद केले तर त्याच्यासाठी आजीची प्रार्थना आणि पाळकांचा उपदेश हळूहळू परका होईल. ज्या घरात आई कन्नड मंडळीतून आली आहे तिथे ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ आणि ‘येहोवनु ननगे कुरुबनु’ दोन्ही येऊ द्यावे. मुलाच्या मनाला दोन स्तोत्रांचे ओझे होत नाही. इंग्रजीला माझी हरकत नाही, फक्त ती एकटी नको, कारण मुलगा जेव्हा वडिलांच्या उशाशी बसेल तेव्हा वडिलांना कळेल असे त्याच्याकडे काही असले पाहिजे.

कमिटीपुढे माझे म्हणणे मांडायचे तर ते थोडक्यात असे. स्पर्धा, गुण आणि ढाली काढून टाका. त्या जागी महिन्याला एक सलग उतारा साऱ्या मंडळीने घ्यावा, उपदेशात त्याचा अर्थ उलगडावा आणि उपासनेत तो सर्वांनी मिळून म्हणावा. आरंभ १२१व्या स्तोत्राने करता येईल. आठच वचने आहेत. लहानांनी स्तोत्रे चालीवर घ्यावीत. मोठ्यांनी मत्तयाच्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या अध्यायाला हात घालावा. तिन्ही मिळून १११ वचने होतात, आठवड्याला दोन घेतली तर वर्षाहून थोडा अधिक काळ लागेल. कोणते भाषांतर हा घोळ नको. उपासनेत जे वाचले जाते तेच. आणि ठराव मंजूर झाला की त्याच बैठकीत, उठण्याआधी, पहिली दोन वचने पंचांनी आणि आम्हा शिक्षकांनी उभे राहून म्हणावीत.